झेंडूखालचा कोपरा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही. सख्ख्या बहिणीजवळ नाही, भजनी मंडळात नाही — देवापुढे बसल्यावर मन तिकडे वळायला लागलं, तर मी घाईघाईने आरती सुरू करते. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आधी माझा स्वभाव सांगायला हवा. मी संशयी आहे. दूध पातळ लागलं की दूधवाल्याचा संशय, रिक्षा लांबच्या रस्त्याने गेली की रिक्षावाल्याचा, आणि कारण नसताना कुणी गोड बोललं तर त्याचा हमखास. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत मला पाठीमागे 'फौजदारीणबाई' म्हणतात. माझ्या मिलिंदने त्याच्याच कंपनीतली अमरावतीची मुलगी पसंत केली, तेव्हा मी तिचाही संशय घेतला. एवढ्या लांबून नोकरीसाठी एकटी पुण्यात आलेली मुलगी — ती आपल्या घरात कशाला टिकते?

वैशाली टिकली. गुणी मुलगी. पण लग्नाला फार दिवस झाले नव्हते, तोच तिचं परदेशी जायचं निघालं. त्या काळात इथे घरोघरी हेच चाललेलं — कोण ऑनसाइट गेलं, कोण जाणार. आमच्याकडे पंचाईत अशी की मिलिंदचं नाव निघालं नव्हतं आणि तिचं निघालं होतं. दसरा झाला की सोमवारी तिला साहेबांपुढे आपलं काम करून दाखवायचं होतं. ते पसंत पडलं की तिकीट. आणि ते सगळं काम तिच्या लॅपटॉपमध्ये — दुसरीकडे कुठे उतरवून ठेवलेलं नव्हतं. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. मिलिंदने लॅपटॉपचं झाकण धाडकन मिटलं आणि म्हणाला, "एक दिवस हे खोकं खिडकीतून फेकून देणार आहे." वैशाली रडत आत गेली. लॅपटॉप टेबलावर तसाच राहिला, त्याचा हिरवा दिवा लुकलुकत.

आता दसऱ्याची सकाळ. ज्याच्यावर घर चालतं त्याची आमच्याकडे त्या दिवशी पूजा होते. हे होते तेव्हा त्यांचे कारखान्यातले पाने आणि मायक्रोमीटर चौरंगावर असायचे. ते गेल्यावरही मायक्रोमीटर मी मांडते. त्या वर्षी वाटलं, लॅपटॉपही मांडावा. वैशालीने बजावलं होतं — "आई, उचलू नका हं, कंपनीचा आहे. टेबलावरच फूल ठेवा." उचलू नका? माझ्या घरात, मला? म्हणजे ही मला अडाणी समजते की काय, असा मला तिथेही संशय आला.

ती आंघोळीला गेली होती. मिलिंद दाराशी तोरणासाठी खिळा ठोकत होता. माझे हात समईच्या तेलाने माखलेले — पुसायचे राहिले. मी लॅपटॉप उचलला, चौरंगाकडे वळले, आणि — निसटला. फरशीवर, कोपऱ्यावरच आपटला. आवाज फार नाही झाला, जो झाला तो हातोडीत बुडाला. कोपरा चेपला होता. मी ओरडले का? कुणाला हाक मारली का? नाही. पदराने तो पुसला, टेबलावर होता तसा ठेवला आणि चेपलेल्या कोपऱ्यावर झेंडूचं फूल ठेवलं. मोठं बघून ठेवलं.

दुपारी श्रीखंड-पुरीचं जेवण झाल्यावर वैशालीने फूल बाजूला करून झाकण उघडलं. पडदा काळा, वर इंग्रजीत एक पांढरी ओळ. ज्या डिस्कवरून चालू व्हायचं तीच सापडत नाही, असं ते यंत्र म्हणत होतं. तिने बंद करून पुन्हा लावला. बॅटरी काढून घातली. मग कसलीशी बटणं दाबून निळा पडदा आणला — तिथे डिस्कचं नाव दिसायला हवं होतं, ती जागा रिकामी. मिलिंद भांडण विसरून आला, खालचे स्क्रू काढून त्याने डिस्क बाहेर ओढली, पुन्हा नीट बसवली. दोघं डोक्याला डोकं लावून बसली होती. चालू केला की आतून नुसतं टक, टक. मीही कान लावून ऐकलं. मला कुणी बोलावलं होतं? पण तिथून पायच निघेना.

तिने ऑफिसातल्या माणसाला फोन लावला. त्याने पहिलंच विचारलं — कुठे आपटलाय का? तेव्हा तिला तो कोपरा दिसला. तिने मिलिंदकडे पाहिलं. "मी नाही हं," तो म्हणाला.

"तूच आपटलाय. खोटं कायले बोलून राह्यला?" चिडली की तिची अमरावती बाहेर यायची.

मिलिंद आधी हसला. त्याला खात्री होती ना! माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, तू सकाळी फूल ठेवलंस तेव्हा कोपरा धड होता की नाही? सांग हिला."

बघा, इथवर आले की माझी जीभ अडखळते. धड होता म्हटलं असतं, तर त्यानंतर लॅपटॉपजवळ कोण होतं — मीच. हे माझ्या डोक्यात किती पटकन आलं! आयुष्यभर दुसऱ्यांवर संशय घेतल्याचा सराव, तो असा कामी आला.

"नाही रे," मी म्हणाले. "तेव्हाच चेपलेला होता. मला वाटलं, आधीचाच असेल."

त्याचा चेहरा मी बघितला नाही. श्रीखंडाच्या वाट्या उचलून आत गेले. आणि आणखी एक सांगते, तेही राहायला नको — ती आता जात नाही हे कळल्यावर, मोरीत वाट्या विसळताना, मला बरं वाटलं.

तिच्या जागी दुसरं कुणीतरी गेलं. वैशाली नवा लॅपटॉप कपाटात कुलपात ठेवायला लागली आणि किल्ली पर्समध्ये. नवऱ्यापासून! मिलिंद 'मी नाही, मी नाही' म्हणत राहिला, मग म्हणेनासा झाला. घरात बोलणं होतं, पण भाजीला काय आणायचं एवढ्यापुरतं. अशी कितीतरी वर्षं गेली.

मग एका रविवारी — मी मटार सोलत होते — तो तिला म्हणाला, "तो लॅपटॉप मीच आपटला असणार गं. मला आठवत नाही. पण रागात माणसाला भान असतं का? आणि आई कशाला खोटं बोलेल?" वैशाली रडली. त्याने तिचा हात धरला. मी समोर बसले होते. मटार सोलत राहिले.

तेव्हापासून घर सुधारलं. किल्ली कपाटालाच असते. दोघं हसतात, सिनेमाला जातात. पण दसरा आला की वैशाली चौरंगाशेजारी एक कोरडा नॅपकिन ठेवते. "आई, हात पुसून घ्या." गणपतीत नाही, दिवाळीत नाही — दसऱ्यालाच. तिला माहीत आहे का? की चोराच्या मनात चांदणं? मी तिच्याकडे बघते, तर ती खाली मान घालून रांगोळी नीट करत असते.

मिलिंद टेबलावरून लॅपटॉप आणतो. दोन्ही हातांनी, एकेक पाऊल जपून — एकदा आपल्या हातून पडला आहे, असं समजून. मी हात पुसते आणि फूल ठेवते.