सामन्याच्या दिवशी गोलीशी बोलायचं नसतं

आमच्या कॉलेजच्या रिंकवर मी एकतीस वर्षं स्केटच्या पात्यांना धार लावली. आईस हॉकी खेळायला पोरं येतात, चार वर्षं राहतात, पुढचे दोन दात पाडून घेतात आणि डिग्री घेऊन जातात. त्यातल्या बहुतेकांची नावं मी विसरलो, आणि त्याचं मला काही वाटत नाही. लायल बुडनिक मात्र डोक्यातून जात नाही.

लायल गोलकीपर होता. आम्ही नुसतं गोली म्हणतो. १९८२ साली तो आला तेव्हा अठरा वर्षांचा होता, ह्युरॉन सरोवराच्या काठच्या गावातला. त्या गावात घरटी एक तरी माणूस बोटीवर असतो. त्याचा बाप लिओ खनिज वाहणाऱ्या बोटीच्या इंजिनाचं तेलपाणी बघायचा. मार्चमध्ये सरोवरं मोकळी झाली की बोटी निघतात, त्या जानेवारीत पाणी गोठेपर्यंत. मग बोट गोदीला बांधायची आणि माणसांनी घरी यायचं. म्हणजे वर्षातले दोन महिने लायलला बाप मिळायचा. त्या दोन महिन्यांत लिओने पोराला गॅरेजच्या दारापुढे उभं करून टेनिसच्या चेंडूंनी झोडपून काढलं आणि गोली केलं. तरुणपणी तो स्वतः गावच्या संघाचा गोली होता.

लायलला एकच गोष्ट हवी होती. बापाने त्याला एकदा कॉलेजच्या जाळीपुढे उभं राहिलेलं बघावं. हे त्याने मला पहिल्याच महिन्यात सांगितलं, पात्यांना धार लागेपर्यंत स्टुलावर बसून.

पण आमचा पहिला गोली होता ब्रूस हॅगर्टी, सुपीरियर सरोवराच्या पलीकडच्या काठचा कॅनेडियन, कपाटाएवढा. त्याच्यामुळे लायल राखीव. राखीव गोलीचं काम म्हणजे बाकाच्या टोकाला बसून बर्फावर जायच्या दाराची कडी काढायची, दमलेले आत घ्यायचे, ताजे बाहेर सोडायचे. पोरं त्याला दरवान म्हणायची.

"काय दरवान, आज किती बक्षिशी जमली?"

"तू एक गोल कर, तुला दार फुकट उघडून देईन," लायल म्हणायचा.

पहिल्या वर्षी नोव्हेंबरात ब्रूसचा गुडघा मुरगळला. लायल तीन सामने खेळला, त्यातले दोन जिंकले. पण तेव्हा बाप भर सरोवरात. जानेवारीत बोट बांधली, त्याच आठवड्यात ब्रूसचा गुडघा बरा झाला. इकडे बाप सुटला की तिकडे पोरगा अडकला. तरी लिओ आणि रीटा, लायलची आई, पाच तास गाडी हाकत यायचे आणि पोरगा दार कसं उघडतो ते बघून परत जायचे. सामना संपला की बाहेर गाडीपाशी रीटा त्याच्या हातात कागदात गुंडाळलेल्या पास्टी कोंबायची, घरी भाजलेल्या, मांस-बटाटा ठासून भरलेल्या. लिओ फार बोलायचा नाही. एकदा म्हणाला, "ती कडी कुरकुरते. तेल घाल."

लायल खरंच माझ्याकडून तेलाची बुधली घेऊन गेला.

दुसरं वर्षही तसंच सरलं. फेब्रुवारीचा शेवटचा शनिवार उजाडला, घरच्या बर्फावरचा शेवटचा सामना, दुपारी एकचा. सकाळी नऊला कोच आला. ब्रूस रात्रभर तापाने फणफणला होता. कोच लायलला म्हणाला, "आज तू." लायल धावत माझ्या खोलीत आला आणि घरी फोन लावला. फोनमधला रीटाचा आवाज मला इथे ऐकू येत होता.

"अरे लबाडा, काल का नाही सांगितलंस! बाबा सातलाच निघाले. यंदा थंडी कमी, बोटी लवकर काढतायत. विस्कॉन्सिनच्या गोदीत आज रात्री आठला हजेरी आहे त्यांची."

लायलने फोन ठेवला. हातातोंडाशी आलेला घास गेला, दुसरं काय. मला काहीतरी बोलावंसं वाटलं. सामन्याच्या दिवशी गोलीशी कुणी बोलत नाही, ही आमच्याकडची रीत. नाव सांगून झालं की कोचसुद्धा गप्प. मी पाती पुसून त्याच्या डाव्या हाताला ठेवली आणि बाहेर गेलो.

सामना सुरू होऊन पाचेक मिनिटं झाली असतील. बर्फ घासायचं यंत्र ज्या दारातून बाहेर काढतात, तिथे मी उभा होतो, आमच्याच जाळीच्या मागे. मागून जाड तपकिरी जाकिटातला एक माणूस आला. लिओ.

"वाटेवरून जरा वर वळलो," तो म्हणाला. "म्हटलं, निघायच्या आधी त्याला दार उघडताना बघून जाऊ. पण बाकावर तर कुणी भलताच दिसतोय."

मी बोट केलं. काचेपलीकडे दहा हातांवर लायलची पाठ होती. लिओने टोपी काढली. मग म्हणाला, "डावा पाय अजून उशिरा टाकतो." त्याचे डोळे भरले होते.

पहिलं सत्र संपलं, पोरं समोरच्या दाराने आत गेली. मी म्हटलं, "चल, खोलीपाशी जाऊ. नुसतं तोंड दाखव."

"वेड लागलंय का तुला, आर्वो? आज?"

"मग काचेवर टकटक तरी कर. एकदा."

"माझ्या बापाने एकदा केली होती. मी वळून बघितलं आणि गोल बसला."

"चाळीस वर्षं झाली की रे त्याला!"

"मग? तो गोल परत घेतला का त्यांनी?"

मी स्वतः इतकी वर्षं तीच मूर्ख रीत पाळत आलो होतो.

दुसऱ्या सत्रात संघांनी बाजू बदलल्या. लायल पलीकडच्या टोकाला गेला, आता त्याचं तोंड आमच्याकडे. तोंड कसलं, मुखवटा. त्या सत्रात त्याने सतरा फटके अडवले. एकदा तर पूर्ण आडवा पडून त्याने खेळायची रबरी चकती हवेतून वेचली, आणि लिओने माझा दंड इतका दाबला की तीन दिवस दुखत होता. आम्ही एका गोलने पुढे होतो. सत्र संपलं तसं लिओने घड्याळ बघितलं.

"निघायला हवं. पाच तासांचा रस्ता आहे."

"त्याला सांगू का?"

"सामना संपल्यावर. आधी एक अक्षर नाही." त्याने खिशातून रीटाची एक पास्टी काढली आणि माझ्याकडे दिली. ती त्याच्या वाटेतल्या जेवणाची होती.

"सांगू काय पण?"

त्याने जरा विचार केला. "सांग, बघितलं."

तिसऱ्या सत्रात लायलवर दोन गोल बसले. पहिल्याचा दोष कुणालाच देता येणार नाही. दुसरा मात्र लांबून सरपटत आलेला, पायांमधून गेलेला, शाळकरी पोरानेही अडवला असता असा. आम्ही हरलो.

तो तसाच, अंगावरचं सगळं ओझं घेऊन, माझ्या खोलीत आला आणि स्टुलावर बसला. केस घामाने चिकटलेले.

"एका अर्थी बरंच झालं, आर्वो," तो म्हणाला. "बाबा नव्हते."

तासभर ते वाक्य मी जिभेवर धरून ठेवलं होतं. पण सामना संपला होता. मी पास्टी त्याच्यापुढे ठेवली.

"होता तो. दोन सत्रं. ते गोल बसायच्या आधीच गेला. म्हणाला, सांग, बघितलं."

लायलने पास्टीकडे बघितलं. कागदाची घडी आईची होती, ती ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

"कुठे उभे होते?"

"यंत्राच्या दाराशी. माझ्याजवळ."

"तपकिरी जाकीट?"

"हो."

"दुसऱ्या सत्रात मला सारखा दिसत होता तो माणूस," लायल म्हणाला. "मला वाटलं बॉयलरवाला असेल. मनात म्हटलंसुद्धा, याला काही कामधंदा नाही का."

तो उठला. मी मागोमाग गेलो. लिओच्या बुटांखालचं वितळलेलं बर्फ रबराच्या पट्टीवर अजून ओलं होतं. लायल नेमका तिथे जाऊन उभा राहिला.

"इथून मी कसा दिसतो?"

"पाठ दिसते," मी म्हणालो.

त्याने हातमोजा काढला आणि काचेवर दोनदा हलकेच टकटक केली. पलीकडे रिकामी जाळी होती.