नातीसाठी मागितलेला कागद

"तुमची पोरगी आधीच उष्टी हाये. पयल्या राती रगतच आलं नाई."

नातीचा सासरा खुर्चीत बसून बोलला. मी अंगणात उभा. बस म्हणाला नाही. तोही आमच्यासारखा मासे धरणारा ढिवरच. पण धानाची शेती झाली, पोरगा फॅक्टरीत लागला, तेव्हापासून त्यांना जाळ्याचा वास येतो. सासू आतून म्हणाली, पोरांसोबत डोंग्यावर बसून तलावात जाणारी, अजून काय होणार.

"डाक्टरचा कागद आना, मंग पाहू," सासरा म्हणाला.

नातीला घेऊन निघालो. बावीस वर्षांची पोरगी. स्टँडवर मी तिला हळूच म्हणालो, "खरं सांग." तिनं तोंड फिरवलं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईला म्हटलं, पोरगी चांगली आहे असा शिक्क्याचा कागद द्या. बाई म्हणाली, असा कागद नसतो. मला वाटलं, सासऱ्यानं या बाईला फोन केला. नाहीतर पोरीत खोट सापडली, माझ्यापासून लपवते. नर्सही मान खाली घालून लिहीत होती. तिचाही भरवसा वाटेना. मी उठलोच नाही.

बाईनं नातीला आत नेऊन सगळं विचारून घेतलं. बाहेर आल्यावर तिला म्हणाली, आजोबांसमोर सांगू का?

"सांगा. त्यायनंच मले खोटी धरलं."

बाई सरळ बोलली. पहिल्या वेळी कित्येक बायांना रक्त येतच नाही. त्यावरून काही कळत नाही. तपासूनही कळत नाही. दुखलंच पाहिजे असंही नाही. भीतीनं अंग आवळतं, ओल येत नाही, वर नवऱ्याची घाई. मग दुखतं. हिला फार दुखलं. ही थांबा म्हणाली. तो थांबला नाही.

माझी म्हातारी आठवली. आता नाही ती. लग्नाच्या पहिल्या रात्री तोंडात पदर कोंबून रडली होती. मी समजलो, लाजते. सकाळी दोस्तांत छाती काढून फिरलो.

आठ दिवसांनी सासरा आला. कागद मागितला. मी खाटेवरून उठलो नाही.

"कागद नाई. तुह्या पोराले पाठव. थांब म्हनली तवा काऊन नाई थांबला, ते सांगाले."

"बुढ्या, बायकायच्या गोष्टी बोलाले शरम नाई वाटत?"

"तुह्यासारखाच शाहना होतो मी. पन्नास वर्सं."

सासरी जायचं की नाही, ते नात ठरवेल. मी विचारतही नाही. आता सासरा जातीची बैठक बोलावणार आहे. बोलावू दे. तिथं सगळ्यांसमोर आधी माझं सांगीन. मग जो कोणी पोरीचं रक्त विचारेल, त्याला उभा करीन आणि विचारीन, तुझी बायको रडली तेव्हा तू काय केलं?

उत्तर दिल्याशिवाय त्याला खाली बसू देणार नाही.