उंदरांवर सिद्ध, लिंबायतला लागू

पेपरच्या ऑफिसात किस्से साठतातच. चहाच्या वेळी कुणीतरी काढतं, सगळे हसतात, कप ठेवून कामाला लागतात. सुरतेतल्या आमच्या छोट्या मराठी दैनिकाच्या आरोग्य पानाचे किस्से मात्र मी चहाला काढत नाही. आज काढते.

*

आमचे संपादक अप्पा, मूळचे धुळ्याकडचे. त्यांचे गाववाले एक निवृत्त डॉक्टर होते. दर आठवड्याला ‘माझे संशोधन’ म्हणून टाइप केलेले दोन कागद आणून द्यायचे. मी मायक्रोबायॉलॉजीची एम.एस्सी., म्हणून हे पान माझ्याकडे.

मी विचारलं, “अप्पा, हे दुसऱ्या कुणा तज्ज्ञाने तपासलंय का?”

“तपासायचं काय त्यात? मी त्यांच्या वडलांना ओळखतो!”

*

एकदा डॉक्टरांनी अल्सरवर काढा शोधला. शेवटची ओळ होती, ‘प्रयोग फक्त उंदरांवर.’ कॉलममध्ये बसेना, म्हणून अप्पांनी नेमकी तीच ओळ उडवली!

“अप्पा, माणसांवर झालेलाच नाही हा प्रयोग!”

“उद्या छापून आला की होईल.”

*

झालाच. काढा पिऊन बरं वाटल्याचं एका वाचकाचं पत्र आलं, आम्ही तेही छापलं. डॉक्टरांनी पुढच्या कागदांना त्याच पत्राचं कात्रण पुरावा म्हणून जोडलं!

मी ते अप्पांच्या टेबलावर आपटलं. “आपणच छापायचं आणि आपल्यालाच पुरावा?”

अप्पा खूश. “बघ, संशोधक लोक आपला पेपर वाचतात!”

*

मग चौऱ्याण्णवचा प्लेग. मिळेल त्या गाडीने लोक पळत होते. जे राहिले त्यांना टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल वाटल्या जात होत्या. अशात डॉक्टरांचा कागद आला: दोन दिवसांपेक्षा जास्त कॅप्सूल घेतल्यास जिवाला धोका, ताबडतोब बंद करा.

मी ओरडले, “हे एकाही माणसाने तपासलेलं नाही! कोर्स अर्धवट सोडला तर लोक मरतील!”

“लोक घाबरलेत, त्यांना काहीतरी सांगायला नको? तुम्हा शिकलेल्या पोरींना सगळ्यात खोट दिसते.”

“मग पानावरचं माझं नाव काढा!”

अप्पांनी काढलं. बातमी चौकटीत आली, पहिल्या पानावर.

*

लिंबायत या सुरतेतल्या कामगार वस्तीत आमच्या शेजारी सुशीलाकाकू राहायच्या. काका लूमवर कामाला. त्याच दिवसांत ते तापाने गेले. मी भेटायला गेले तेव्हा त्यांची दहा वर्षांची सविता भिंतीला लागून गोधडीत निजली होती.

काकूंनी देवाच्या फोटोमागून आमच्या पेपरचं कात्रण काढलं. मी मान खाली घातली. आता शिव्या बसणार!

“तुझा पेपर खरा निघाला, माय,” काकू म्हणाल्या. “मी ह्यांना सांगत होते, दोन दिवस झाले, आता गोळ्या बस करा. ऐकलंच नाही. ताप उतरतोय म्हणाले, चार दिवस खाल्ल्या. मग मीच हिसकावून घेतल्या. पण जास्त झाल्या ना? चौथ्या दिवसापर्यंत खाल्ल्या, सातव्या दिवशी गेले.”

काकूंनी सविताच्या तापाने घामेजल्या कपाळावर हात ठेवला, मग तो पदराला पुसला.

“हिच्या मी पहिल्याच दिवशी बंद केल्या.”