मागून हाक

चिंचणीच्या बाजारात मी सुके बोंबील विकते. गिऱ्हाइकाने भाव फारच पाडला की मी पाटी उचलून चालायला लागते, आणि ते मागून हाक मारतंच. याच जोरावर मी घर बांधलं आणि लेकीला बीएस्सी केलं.

पदवीनंतर वर्षभर ती घरीच होती. तारापूरच्या एका कंपनीच्या लॅबमधून मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा मी तिला हीच युक्ती शिकवली. साहेबांनी पगार सांगितला. पोरीने "परवडत नाही" म्हणून फाईल उचलली आणि सरळ बाहेर आली. मी गेटवर उभी होते. बराच वेळ थांबलो, पण मागून कोणाची हाक आली नाही.

माझं तोंड सुटलं. तशी ती म्हणाली, "आई, आत किती पोरं बसलीत ते बघ. गिऱ्हाईक एक आणि पाट्या सगळ्यांच्या भरलेल्या."

मग ती पुन्हा आत गेली आणि त्याच पगारावर नोकरी घेऊन आली.

साहेबांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. तिच्या डब्यातले बोंबील चाखून साहेब आता घरी न्यायला मागतायत.

"भाव एकच सांग, बाय," मी म्हटलं. "परवडला नाही तर जाऊ देत. मी हाक मारणार नाही."

"मारशील," डबा पिशवीत ठेवत ती म्हणाली. "त्यांच्यासाठी निवडून बांधून ठेवलेले बोंबील मी पाहिलेत."