जिन्यातलं आमंत्रण

माझं ते आमंत्रण खोटं होतं, हे आधी कबूल करतो. दिल्लीत, मुनिरक्यात, माझ्या वरच्या खोलीत आफ्रिकेतून शिकायला आलेला एक तरुण राहायचा. जिन्यात भेटला की, आपण सगळ्यांनाच म्हणतो तसं, मी म्हणायचो, "कभी खाने पे आओ."

एका रविवारी तो खरंच आला. इस्त्रीचा शर्ट, दोन्ही हातांत धरलेलं कलिंगड. घरचे पुण्यात, मी एकटाच जेवत होतो, तरी दारातच विचारलं, "आज कैसे?"

"आपने बुलाया था, अंकल. हमारे यहाँ बुलाकर लोग इंतजार करते हैं."

कलिंगड ठेवून, कसंनुसं हसून तो वर गेला. अर्धं ताट झाकून ठेवलं. शेवटी जिना चढलो.

"माफ करना, बेटा. मैंने ऐसे ही बोल दिया था. अब कुकर चढ़ाके आया हूँ. चलो."