परत न येणारी देणगी

वसंतकाका गेल्याचं शरूकाकूंनी फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्यासमोर टॅक्सचे कागद पसरलेले होते आणि एक शंका विचारायला मी काकांनाच फोन करणार होते... त्याला आता दीड महिना झाला.

अमेरिकेतल्या चँडलर गावातल्या आम्हा मराठी मंडळींचे टॅक्सचे कागद काका, कॉम्प्युटर चिपच्या कंपनीतून रिटायर झाल्यापासून, फुकटात तपासून द्यायचे. अट एकच. राज्याच्या यादीतल्या एखाद्या संस्थेला देणगी द्यायची. तेवढी रक्कम ॲरिझोना राज्य आपल्याला भरायच्या टॅक्समधून वजा करतं, म्हणजे पदरचं काहीच जात नाही. पहिल्या वर्षी मी तीच देणगी फेडरलच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या टॅक्सच्या फॉर्मवरही लावली. काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "अगं, राज्यानं क्रेडिट दिलं ना? मग फेडरलला ते दान म्हणून क्लेम नाही करता येत. एकाच लग्नात दोनदा जेवशील का?" मी नागपूरची, गप्प कशी बसणार! "काका, परत मिळतं म्हणूनच तुम्हीही देता ना?"

ते हसले नाहीत. माझं बोलणं त्यांना लागलं होतं. मला त्याची आजही लाज वाटते.

दोन वर्षांनी, काका ज्याला देणगी द्यायचे ते म्हाताऱ्यांचं छोटं जेवणघर यादीतून गळलं. तिथल्या कुणीतरी यादीचा फॉर्म वेळेत भरला नव्हता. आता क्रेडिट मिळणार नव्हतं. द्यावं की नाही, यावर आठवडाभर विचार केला, हे काकांनी स्वतःच कबूल केलं. मग एका दुपारी माझ्या दारात उभे! "दिले गं! नेहमीएवढेच. आणि यातला एक डॉलरही परत येणार नाही!" इतके खूश मी त्यांना लेकीच्या ग्रॅज्युएशनलाही पाहिलं नव्हतं.

गेल्या बुधवारी काकूंना बळेच घराबाहेर काढून मी त्या जेवणघरात नेलं. ब्रेड आणि उकडलेल्या बीन्सच्या मधोमध काकूंच्या हातच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी होती, जवळपास रिकामी. वर काकांच्या अक्षरात इंग्रजीत लिहिलेलं, 'तिखट आहे, जपून'.

"तरीच!" काकू म्हणाल्या. "दर बुधवारी लायब्ररीत जातो म्हणायचे. आणि मी म्हणतेय, लोणचं पुरत कसं नाही!" त्या हसल्या, मग डोळे पुसत राहिल्या.

वॉकर घेऊन बसलेल्या एका आजोबांनी बरणी उचलून दाखवली. "एनी मोअर?"

"नेक्स्ट वेन्सडे," काकू म्हणाल्या. घरी पोचल्यावर चपला न काढताच त्या मागच्या अंगणात गेल्या आणि लिंबाची फांदी मला धरायला लावली.