दोन्ही पाण्याच्याच गोळ्या

गेल्या सोमवारी आईला रक्त तपासायला न्यायचं म्हणून माहेरी, कुरुंद्याला गेले. ओट्यावर केळीचा अख्खा घड आणि शहाळ्यांचा ढीग... म्हणजे मामा येऊन गेला होता.

आईचं हृदय थोडं कमी ताकदीनं चालतं. मागच्या वर्षी पायांवर सूज आली, तेव्हा डॉक्टरांनी लघवीवाटे पाणी काढणारी गोळी दिली. घरात तिचं नावच पडलं, 'पाण्याची गोळी'.

पण पाण्यासोबत अंगातलं पोटॅशियमही जायला लागलं आणि पोटऱ्यांत गोळे यायला लागले. डॉक्टर म्हणाले, केळी खा, शहाळ्याचं पाणी घ्या. झालं! मामाची केळीची बाग, त्यात एकुलती एक बहीण... तो कसला थांबतोय!

दोन-तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी ती गोळी बंद करून दुसरी दिली. हीसुद्धा पाणी काढणारीच, म्हणून आमच्याकडे नाव तेच राहिलं. काही दिवसांनी रक्त तपासा असंही सांगितलं होतं, पण आई म्हणे, आधी शेतातली हळद शिजवून होऊ दे.

मग तिचे हातपाय जड पडायला लागले. "अंगात जीवच न्हाई," म्हणायची... की मामा आणखी दोन शहाळी आणायचा.

तिला तपासायला वसमतला नेलं. रिपोर्ट आला, तर पोटॅशियम भलतंच वाढलेलं. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "पाण्याची गोळी चालू आहे ना, म्हणून केळी-शहाळं एक दिवस चुकवत नाही." डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

म्हणाले, जुनी गोळी पोटॅशियम बाहेर काढायची, नवीन गोळी ते धरून ठेवते. फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, बंदही पडू शकतात.

आईला लगेच ॲडमिट केलं. ईसीजी, सलाईन, पुन्हा रक्त... दोन दिवसांनी पोटॅशियम जागेवर आलं. गोळ्यांचा डोस डॉक्टरांनी नव्यानं ठरवून दिला.

खरी पंचाईत मामाला सांगायची होती. ऐकून तो एवढंच म्हणाला, "म्हंजे मीच अक्काला..."

घरात हृदयाचा पेशंट असेल तर एवढं करा... गोळी बदलली की खाण्यापिण्याचंही नव्यानं विचारा. आणि गोळ्यांना त्यांच्या खऱ्या नावानं ओळखा.

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हातानं जात नाही. काल मामा आला आणि दारातच घुटमळत उभा राहिला, हात कुठं ठेवावेत तेच त्याला कळेना.

आई आतूनच ओरडली, "काहून उभा राहिला तिथं? ये की, बस माझ्यापाशी."

तो येऊन बसला. आईनं त्याचे ते रिकामे हात आपल्या हातात घेतले... देवा, अजून काही नको.